पावती निघाली, नोंद गेली: एका दूध संकलन यंत्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातली दूध संस्था आणि तिला संकलन यंत्र पुरवणारी एक छोटी कंपनी यांच्यामध्ये घडलेलं हे प्रकरण. दोघांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तांत्रिक बाजू मात्र पूर्ण मांडली आहे, कारण ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी रचलेली असते हे कुणी विचारलंच नाही तर त्याचा भुर्दंड शेवटी कुणाला बसतो, ते इथं स्वच्छ दिसतं.

संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं. उत्पादक किटली घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, नमुना फॅट मशीनला लागतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा पाया धरून दरपत्रकाप्रमाणे दर निघतो आणि छोट्या प्रिंटरमधून पावती बाहेर येते. काटा, फॅट मशीन आणि प्रिंटर यांना जोडणारी एक पेटी असते. तिच्यात एआरएम प्रोसेसरचा तळहाताएवढा संगणक-बोर्ड, एक मेमरी कार्ड, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि कंपनीनं सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम. दर दहा दिवसांनी या नोंदींवरून बिल निघतं आणि पैसे उत्पादकाच्या खात्यात जातात.

ही यंत्रं कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. मग जुना बोर्ड बाजारात मिळेनासा झाला. कंपनीनं नवा बोर्ड घेतला, बोर्ड बनवणाऱ्यानं दिलेली लिनक्सची तयार प्रतिमा (इमेज, म्हणजे बसवायला तयार प्रत) कार्डावर चढवली आणि तोच प्रोग्राम तिच्यासाठी पुन्हा कंपाइल केला. प्रोग्रामची एकही ओळ बदलली नव्हती. नवी यंत्रं हिवाळ्यात बसली. पडद्यावर सगळं दिसतंय म्हटल्यावर संस्थेनं हातानं लिहायची रोजवहीही बंद केली.

अडचण

वळवाचा पाऊस सुरू झाला तेव्हा तक्रारी आल्या. संध्याकाळच्या संकलनात लाईट जायची. पेटीला इन्व्हर्टरची लाईन होती, पण त्याची बॅटरी उतरलेली. लाईट आली की यंत्र आपोआप सुरू व्हायचं, रांग पुढं सरकायची, आणि काही बिघडलंय असं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

बिलाच्या दिवशी एक मावशी तारेत ओवलेल्या पावत्या घेऊन आल्या. त्यांच्या हिशेबात काही पाळ्या जास्त होत्या, बिलात त्या नव्हत्या. "पावती तुमच्याच मशीनची हाय न्हवं? मग बिलात का न्हाई?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सेक्रेटरींनी पडद्यावर पाहिलं, तर त्या तारखेला त्या कोडची नोंदच नाही. पाठोपाठ आणखी काही उत्पादकांनी आपल्या पावत्या जुळवून पाहिल्या. गावात कुजबुज सुरू झाली की सेक्रेटरी दूध खातोय.

त्यांच्या बाजूनं एक पुरावा होता. संघाच्या टँकरला गेलेलं दूध आणि संस्थेतल्या नोंदींची बेरीज यांत त्या-त्या दिवशी वाढ दिसत होती. म्हणजे दूध आलं होतं, टँकरमध्ये गेलं होतं, फक्त कुणाच्या नावावर लागलं नव्हतं. ही वाढ पाळीनिहाय मांडल्यावर दिसलं की ती लाईट गेलेल्या पाळ्यांनाच आहे. इथून प्रश्न माणसांवरून यंत्रावर आला.

कंपनीत हा प्रोग्राम सांभाळणाऱ्या तरुण अभियंतीला हे पटत नव्हतं, आणि तिच्याकडे कारण होतं. नोंदी चालू असताना प्रोग्राम मध्येच जबरदस्तीनं मारून तिनं पुन्हा पुन्हा चाचणी घेतली होती. एकही नोंद कधी गेली नव्हती. कार्ड बाहेर काढून पाहिलं तेव्हा मात्र चित्र वेगळं होतं. लाईट गेलेल्या पाळीच्या फायलीत शेवटच्या तीन-चार उत्पादकांच्या ओळीच नव्हत्या. काही फायलींच्या शेपटाला अक्षरांच्या जागी नुसते शून्य बाइट होते. एका यंत्रात तर चालू बेरजेची फाइल होती, पण तिची लांबी शून्य.

तपास: नोंद कार्डापर्यंत जाते कशी

या प्रकरणाचा गाभा इथं आहे, म्हणून इथं सावकाश जाऊ.

प्रोग्राम एक ओळ फायलीत लिहितो तेव्हा ती सरळ कार्डावर जात नाही. आधी ती सी लायब्ररीच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, पडते. तिथून राइट ही सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली मागणी) तिला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, देते आणि कर्नल ती पेज कॅशमध्ये ठेवतो. पेज कॅश म्हणजे रॅमचाच भाग. ओळ तिथं पोचली की राइट कॉल यशस्वी झाली असं प्रोग्रामला कळवलं जातं. कार्डाला अजून काहीच ठाऊक नसतं. पुढं कर्नलचे फ्लशर थ्रेड अशी बदललेली पानं गोळा करतात, फाइल सिस्टिम (कार्डावर फायली मांडणारा भाग) त्यांना कार्डावरची जागा ठरवून देते, ब्लॉक लेयर मागण्या रांगेत लावते, आणि मग कार्डातला छोटा कंट्रोलर त्या फ्लॅशवर, म्हणजे कार्डातल्या साठवणीच्या चिपवर, उतरवतो. त्या कंट्रोलरलाही स्वतःचं बफर असू शकतं.

लिनक्समध्ये नेहमीची मांडणी अशी असते की फ्लशर दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली पानं खाली पाठवतो. हा काळ आजचा नाही. जुन्या युनिक्समध्येही अपडेट नावाचा एक प्रोग्राम दर ३० सेकंदांनी सगळे बफर डिस्कवर ढकलायचा.

रचना अशी का, याला ठोस कारण आहे. रॅमला उत्तर द्यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, कार्डाला मिलिसेकंद. शंभरेक बाइटांची एक ओळ कार्डावर लिहायची तरी फ्लॅशचं अख्खं पान भरावं लागतं, आणि पुसण्याचा ठोकळा त्याहून कितीतरी मोठा असतो. प्रत्येक ओळ तिथल्या तिथे खाली पाठवली तर यंत्र संथ होईल आणि कार्ड लवकर झिजेल. लेखन साठवून एकदम करणं ही ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेतली सगळ्यात फायद्याची गोष्ट आहे, आणि ती या प्रकरणात गुन्हेगार ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता अभियंतीच्या चाचणीकडे. प्रोग्राम मारला की त्याची स्वतःची मेमरी जाते, पण पेज कॅश प्रोग्रामची नसते, कर्नलची असते. प्रोग्राम मेला तरी कर्नल जिवंत असतो आणि वेळ आली की पानं कार्डावर पोचवतो. तिचा प्रोग्राम दर ओळीनंतर लायब्ररीचं बफर रिकामं करत होता, त्यामुळे ओळ कर्नलकडे सुखरूप पोचलेली असायची. म्हणून चाचणी दर वेळी पास. वीज गेल्यावर मात्र कर्नलही जातो आणि रॅमही जाते. तिनं घेतलेली परीक्षा खरी होती, पण ती दुसऱ्याच संकटाची होती.

मग जुन्या यंत्रांत हे का दिसलं नाही? तिथंही लाईट जातच होती. फरक फाइल सिस्टिमचा होता. जुन्या प्रतिमेत ईएक्सटी-३ होती, नव्या प्रतिमेत ईएक्सटी-४. ईएक्सटी-३ आपलं जर्नल (फाइल सिस्टिममधल्या बदलांची नोंदवही) दर ५ सेकंदांनी पक्कं करायची, आणि तिच्या नेहमीच्या ऑर्डर्ड पद्धतीत जर्नल पक्कं करण्याआधी संबंधित फायलींचा मजकूर कार्डावर जाणं भाग असे. म्हणजे धोका साधारण ५ सेकंदांचा. तेवढ्यात फार तर एका उत्पादकाची नोंद जाणार, आणि बहुतेकदा कुणाचीच नाही.

ईएक्सटी-४ डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२८ बरोबर स्थिर म्हणून आली. तिच्यात विलंबित वाटपाची सोय आहे. मजकूर पेज कॅशमध्ये आला तरी कार्डावरची जागा तेव्हाच ठरवायची नाही, पानं खरोखर खाली पाठवायची वेळ आली की ठरवायची. त्यामुळे फाइल सलग जागेत बसते, आणि लगेच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फायली कार्डाला शिवतही नाहीत. पण जागाच ठरलेली नसेल तर ५ सेकंदांचं जर्नल तिला ओढून खाली नेत नाही. धोक्याची खिडकी ५ सेकंदांवरून अर्ध्या मिनिटाच्या पुढं गेली. रांगेतला एक माणूस दहा-पंधरा सेकंदांत उरकतो असं धरलं तर फायलीतून गायब झालेल्या तीन-चार ओळींचा हिशेब इथं लागतो.

जगाला हे नवं नव्हतं. २००९ च्या सुरुवातीला उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या चाचणी आवृत्तीवर ईएक्सटी-४ वापरणाऱ्यांना यंत्र अचानक बंद पडल्यावर आपल्या सेटिंगच्या फायली शून्य लांबीच्या झालेल्या सापडल्या होत्या. ईएक्सटी-४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं म्हणणं असं की पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकानं मजकूर टिकेल अशी हमी कधी दिलीच नव्हती. ती हवी असेल तर प्रोग्रामनं एफ-सिंक कॉल करावी, म्हणजे या फायलीचा मजकूर साठवणीवर पोचव आणि मगच परत ये, अशी मागणी. तरीही जून २००९ च्या लिनक्स २.६.३० आवृत्तीत तडजोड झाली. जुनी फाइल रिकामी करून पुन्हा लिहिली, किंवा नवी फाइल जुन्या नावावर आणून ठेवली, तर ईएक्सटी-४ तिची जागा लगेच ठरवून मजकूर खाली पाठवू लागते. यानं खिडकी अरुंद होते, बंद होत नाही. आमची शून्य लांबीची बेरीज-फाइल त्याच फटीतून गेली होती. शिवाय पाळीच्या फायलीसारखी फक्त शेवटी ओळ जोडत जाणारी फाइल या सवलतीत येतच नाही.

आणि पावती? ती का निघत होती? प्रिंटर सिरियल पोर्टवर होता. त्या वाटेवर पेज कॅश नाही, बाइट सरळ पोर्टकडे जातात. एकाच प्रोग्रामच्या दोन लागोपाठच्या ओळी. एकीचा परिणाम क्षणात कागदावर, दुसरीचा अर्ध्या मिनिटानं कार्डावर. संस्था ज्या कागदावर उत्पादकाला शब्द देत होती, तो कागद नोंदीच्या आधी बाहेर पडत होता.

समोर असलेले पर्याय

संस्था, कंपनी आणि मी असे बसलो तेव्हा पहिला पर्याय सेक्रेटरींनी मांडला: प्रत्येक यंत्राला चांगली बॅटरी. ती हवीच होती. पण बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, कुणी तरी प्लग काढतं, कधी कर्नल स्वतःच अडकतो. बॅटरीनं प्रसंग कमी येतील, आल्या प्रसंगी नोंद राहील याची खात्री मिळणार नाही.

दुसरा पर्याय कर्नलचे ते ३० सेकंद कमी करून एक-दोन सेकंदांवर आणायचे. प्रोग्रामला हात लावावा लागणार नव्हता, म्हणून कंपनीच्या मालकांना हा आवडला. मी विरोध केला. त्यातून तक्रारी इतक्या विरळ झाल्या असत्या की पुन्हा कुणी शोध घेतला नसता, आणि एखाद्याचं दूध अधूनमधून जातच राहिलं असतं.

तिसरा, कार्डाचा पूर्ण विभाग सिंक पद्धतीनं माउंट करायचा, म्हणजे सिस्टिमला असा जोडायचा की प्रत्येक राइट कार्डावर पोचेपर्यंत थांबेल. यात किरकोळ लॉगच्या (यंत्राच्या स्वतःच्या कामाच्या नोंदवहीच्या) ओळीही त्याच महागड्या वाटेनं जातात. बोर्डवर करून पाहिलं तर पडदा अडखळत होता. हा सोडला.

चौथा, ऑपरेटिंग सिस्टिमच बदलायची. मालकांच्या एका स्नेह्यांनी विंडोज सुचवली होती. पण विंडोजवरही लेखन आधी कॅशमध्येच जातं आणि खात्री हवी तर फाइल बफर फ्लश करायची वेगळी कॉल करावी लागते. मॅकओएसवर तर साधी एफ-सिंक डिस्कच्या आतलं कॅश रिकामं करून घेत नाही, त्यासाठी एफ-फुलएफसिंक नावाची निराळी आज्ञा आहे. रॅम जलद आणि साठवण संथ आहे तोवर प्रत्येक सिस्टिमला हा व्यवहार करावाच लागतो.

पाचवा, प्रोग्रामनं स्वतः मागणी करायची: नोंद लिहिली की एफ-सिंक, ती परत आली की मगच पुढचं पाऊल. आपल्या फायलीसाठी हे स्वतः लिहायचं की एसक्यूलाइटसारखा तयार डेटाबेस घ्यायचा, हा त्यातला उपप्रश्न. हाताने लिहिणं वाटतं त्याहून अवघड आहे. नव्या फायलीवर एफ-सिंक केली तरी तिचं नाव ज्या डिरेक्टरीत आहे तिचं वेगळं एफ-सिंक लागतं, नाही तर मजकूर राहतो आणि नाव जातं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये गिट (प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन), पोस्टग्रेस (डेटाबेस) यांच्यासह ११ प्रोग्राम तपासले आणि अचानक बंद पडण्याच्या प्रसंगात उघडे पडणारे ६० दोष दाखवले. नामांकित मंडळींची ही गत, तर दोन-तीन माणसांच्या कंपनीनं आपलं स्वतःचं लिहू नये असं मी सुचवलं.

निर्णयाच्या जागा

एसक्यूलाइट ठरलं, आणि लगेच पुढचा पेच आला. अभियंतीनं राइट-अहेड लॉग पद्धत (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहायचा) आणि सिंक्रोनस नॉर्मल अशी मांडणी केली होती. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो, आणि मोबाइल अॅपसाठी तो योग्यही आहे. या मांडणीत वीज गेली तरी डेटाबेस बिघडत नाही. पण शेवटचे काही व्यवहार मागे फिरू शकतात. आमचा प्रश्न नेमका शेवटच्या व्यवहारांचाच होता. म्हणून सिंक्रोनस फुल ठरलं, ज्यात प्रत्येक व्यवहाराबरोबर लॉगवर एफ-सिंक होते. फाइल धड राहणं आणि शेवटची नोंद राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ यातच गेला आणि तो सत्कारणी लागला.

दुसरी जागा पावतीची. आधी छापायची की आधी पक्की करायची? अभियंतीला काळजी रांगेची होती. कार्ड आतल्या आत जागा पुसत असेल तेव्हा एफ-सिंकला एखादा सेकंद, कधी त्याहून जास्त लागतो. ती सेक्रेटरींना म्हणाली:

"अण्णा, पावती थोडी उशिरा निघेल. रांगेत लोक ओरडतील."

"मॅडम, दोन सेकंद थांबतील की माणसं. पण हातात दिलेली पावती उद्या खोटी ठरायला नको बघा."

ठरलं की व्यवहार पक्का झाल्याशिवाय प्रिंटरकडे एकही बाइट जाणार नाही. उलट बाजूचा धोका राहतो: नोंद झाली आणि छापण्याआधी लाईट गेली. तो परवडतो. यंत्र सुरू झाल्यावर शेवटची पक्की नोंद पडद्यावर दाखवतं आणि तिची पावती पुन्हा छापू का असं विचारतं.

तिसरी जागा सगळ्यात कमी चर्चिली जाणारी: एफ-सिंकनंच चूक कळवली तर? सहज मनात येतं ते म्हणजे पुन्हा एकदा प्रयत्न. तो घातक आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींना उमगलं की लिनक्सवर लेखन फसलं तर कर्नल चूक एकदा कळवतो, पण ती पानं स्वच्छ झाली असं धरून चालतो. दुसरी एफ-सिंक यशस्वी म्हणून परत येते आणि मजकूर कुठंच नसतो. त्यानंतर पोस्टग्रेसनं अशा वेळी पुन्हा प्रयत्न करायचं सोडून थेट थांबायचं आणि आपल्या लॉगवरून सावरायचं असं धोरण घेतलं. आमचं यंत्रही अशा चुकीनंतर संकलन थांबवतं आणि पडद्यावर ठळक सांगतं: नोंद झाली नाही, वहीत लिहा. मालकांना हा मजकूर खटकला, गिऱ्हाईक घाबरेल म्हणून. सेक्रेटरी म्हणाले, वही मी काट्याशेजारीच ठेवतो. मजकूर राहिला.

काय केलं

प्रोग्राम बदलायच्या आधी चाचणी बदलली. एक दुसरा बोर्ड रिलेमार्फत (विजेनं चालणाऱ्या बटणामार्फत) यंत्राची वीज मनमानी क्षणी तोडायचा आणि परत जोडायचा. यंत्र खोट्या नोंदी करत राहायचं, आणि प्रत्येक पावतीचा क्रमांक प्रिंटरऐवजी तिसऱ्या संगणकाकडे जायचा. यंत्र उठलं की एकच प्रश्न: ज्या-ज्या क्रमांकाची पावती बाहेर गेली, ती नोंद आत आहे का? जुना प्रोग्राम या चाचणीत लगेच नापास झाला, गावात दिसलं होतं अगदी तसाच. दोष टेबलावर हुकमी आणता आला, त्यानं पुढचं सगळं काम सोपं केलं.

नवा प्रोग्राम पास झाला, पण सगळ्या कार्डांवर नाही. काही स्वस्त कार्डांवर एफ-सिंक यशस्वी म्हणून परत आली आणि नोंद मात्र नव्हती. एका कार्डावर आम्ही ज्याला हातही लावला नव्हता अशी सिस्टिमची फाइल बिघडली. कंट्रोलर आतल्या आत ठोकळे हलवत असताना वीज गेली की शेजारचा मजकूरही जाऊ शकतो. कर्नल फक्त मागणी करू शकतो. कार्ड खोटं बोललं तर वरच्या थरांना ते कळत नाही. वीज जाण्याचा विचार करून बनवलेली औद्योगिक कार्डं घेतली आणि प्रत्येक नव्या खेपेतलं एक कार्ड आधी रिलेच्या चाचणीतून काढायचं ठरलं.

ऑपरेटिंग सिस्टिमचा विभाग फक्त वाचण्यासाठी माउंट केला, नोंदींचा विभाग वेगळा ठेवला, लॉग रॅममध्ये हलवले. जिथं लिहायची गरजच नाही तिथं लिहू द्यायचं नाही.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात लाईट तशीच जात राहिली. पावती आहे आणि नोंद नाही, अशी तक्रार त्या संस्थेतून आली नाही. आता बिलाच्या दिवशी पावत्यांचा अनुक्रम आणि नोंदींचा अनुक्रम यंत्रच ताडून पाहतं, त्यामुळे तक्रारीची वाट पाहावी लागत नाही.

रांग सुरुवातीला खरंच अडखळली. मग अभियंतीनं पडद्याचा क्रम बदलला. एकाची नोंद पक्की होत असताना पुढच्याची किटली काट्यावर घेता येते, आणि तो सेकंद कुणाला जाणवत नाही.

आधी गेलेल्या नोंदींचं काय करायचं हा निर्णय संस्थेच्या संचालकांचा होता. ज्यांच्याकडे पावती होती त्यांना तिच्याप्रमाणे पैसे मिळाले, टँकरच्या वाढीतून. ज्यांनी पावत्या टाकून दिल्या होत्या त्यांना सिद्ध करता आलं नाही. त्या पाळ्यांची वाढ पावत्यांच्या बेरजेपेक्षा जास्त होती, म्हणजे अशी माणसं होती. ती रक्कम संस्थेकडे वेगळी दाखवली आहे. सेक्रेटरींवरचा आळ मासिक सभेत इतिवृत्तात नोंदवून काढून टाकला, आणि तो तसा लेखी काढावा असा आग्रह पहिल्या मावशींनीच धरला.

वेगळं काय करता आलं असतं

बोर्ड बदलला तेव्हा कंपनीनं तपासलं ते एवढंच: प्रोग्राम चालतो का, काटा वाचतो का, पावती छापतो का. नव्या प्रतिमेत फाइल सिस्टिम कोणती, कर्नल कोणता, माउंट करतानाच्या सूचना कोणत्या, याची जुन्या प्रतिमेशी तुलना एका दुपारचं काम होतं. बदल दिसला असता तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: आपण ज्यावर विसंबून आहोत ते कुणी लिहून दिलंय का? ईएक्सटी-३ चे ते ५ सेकंद कुणी हमी म्हणून दिलेले नव्हते. ते एका रचनेचा दुय्यम परिणाम होते, आणि प्रोग्राम वर्षानुवर्षं त्यावर उभा होता.

एफ-सिंक टाळण्याची सवयही त्याच काळातली. ईएक्सटी-३ वर एका फायलीची एफ-सिंक मागितली की बाकीचा साचलेला मजकूरही खाली जाऊ लागायचा आणि यंत्र थबकायचं. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ला याचा मोठा त्रास झाला होता. तेव्हा अनेकांनी ही कॉल महाग आहे, करू नका, हेच शिकलं आणि पुढं शिकवलं. फाइल सिस्टिम बदलली, शिकवण बदलली नाही. या अभियंतीलाही तिच्या वरिष्ठांनी तेच सांगितलं होतं.

संस्थेच्या बाजूनं, रोजवही बंद करायची घाई झाली. नवं यंत्र आल्यावर निदान एक पावसाळा दोन्ही चालवायला हवं होतं, आणि टँकरची वाढ दर पाळीला पाहायला हवी होती. ती वाढ पहिल्याच आठवड्यात बोलत होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शेजारच्या काही गावांत ईएक्सटी-३ ची जुनी यंत्रं चालू आहेत. त्यांची खिडकी ५ सेकंदांची, तक्रार एकही नाही. नवा प्रोग्राम त्यांच्यावर घालायचा तर कार्डं बदलावी लागतील, आणि खर्च कुणी करायचा यावर कंपनी आणि संस्था यांची बोलणी चालू आहेत. तोवर अभियंतीनं त्या यंत्रांसाठी पावत्यांचा अनुक्रम ताडून पाहणारा भाग तेवढा वेगळा काढून दिला आहे.